आधी हँडब्रेक, मग पी : ऑटोमॅटिक गाडी लावायची पद्धत

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि रस्ता वर, घरं खाली अशी गत झाली. नागपुरात अशा गल्ल्या काही कमी नाहीत. आता फाटकातून आत यायचं तर गाडी चांगला हातभर उतार उतरून पोर्चमध्ये येते. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना क्लच दाबणं जमेना, म्हणून आम्ही ऑटोमॅटिक घेतली. बाबा रोज संध्याकाळी त्या उतारावर गाडी थांबवायचे, लिव्हर पीमध्ये टाकायचे आणि ब्रेकवरून पाय काढायचे. गाडी चार बोटं पुढे सरकायची आणि आतून 'टक्' असा आवाज येऊन थांबायची. सकाळी रिव्हर्स टाकायला गेलं की लिव्हर हलायचं नाव घेत नसे. जोर लावला की 'धाड' करून निघे, अख्खी गाडी हादरे. सहा महिने आम्ही समजत होतो की ऑटोमॅटिक गाडी अशीच असते.

हँडब्रेकला बाबा हातच लावत नव्हते. पी म्हणजे पार्किंग, मग वेगळा ब्रेक कशाला, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलेलं होतं.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याच्या टेबलावर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून ठेवलेला होता. त्यानं त्यातून एक लोखंडी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या तर्जनीएवढा लांब, टोकाशी एक बोथट दात. मग तो तुकडा त्यानं एका दातेरी चाकाच्या खाचेत अडकवून दाखवला. "हाच तुमचा पी," तो म्हणाला. "पूर्ण गाडीचं वजन तुम्ही ह्या एका बोटावर टांगून राहिले ना भाऊ!"

त्या दिवसापासून आमच्या घरी गाडी लावायची पद्धत बदलली. ऑटोमॅटिक घेतलेल्या निम्म्या लोकांना ही पद्धत कुणी सांगितलेलीच नसते असं मला आजूबाजूला दिसतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

पीमध्ये नेमकं होतं काय

लिव्हर पीमध्ये टाकला की गिअरबॉक्समधला तो खटका चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चाकात जाऊन बसतो. मेकॅनिक लोक त्याला पार्किंग पॉल म्हणतात. शाफ्ट अडकला की त्याला जोडलेली चाकं अडकतात. ह्यात ब्रेकचा काही संबंध नाही. ना ब्रेक ऑइल, ना लायनर, ना डिस्क. नुसती लोखंडात लोखंडाची अडकण.

खटका दर वेळी थेट खाचेसमोर येईलच असं नाही. कधी तो दाताच्या माथ्यावर येतो. अशा वेळी गाडी जरा सरकली की मग पुढच्या खाचेत पडतो. बाबांची गाडी चार बोटं सरकायची ती ह्याच कारणानं, आणि 'टक्' व्हायचं ते खटका खाचेत पडून त्यावर गाडीचा भार आला की. रात्रभर गाडी त्या खटक्याला रेटत उभी. सकाळी लिव्हर ओढताना तो दाबाखाली अडकलेला खटका जबरदस्तीनं उपसायचा, म्हणून 'धाड'. हा खटका एका दिवसात तुटत नाही, मजबूत बनवलेला असतो. पण रोज भार घेऊन घेऊन त्याची धार आणि दातेरी चाकाचे काठ झिजतात. शिवाय उभ्या गाडीला मागून कुणी ठोकलं तर तो सगळा धक्का गिअरबॉक्सच्या पोटात जातो. ते काम निघालं तर खर्च हँडब्रेकच्या केबलच्या कितीतरी पट.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पी फक्त इंजिनची ताकद जाते तीच चाकं अडकवतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे पी पुढची चाकं धरतो. हँडब्रेक मागची चाकं धरतो. दोन्ही लावले की चारही चाकं धरली जातात. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एनसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पी आणि हँडब्रेक दोघंही मागचीच चाकं धरतात, पण भार वाटून घेतात.

आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे आधी बघा

'ऑटोमॅटिक' ह्या एका नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या जातीच्या गाड्या विकल्या जातात. आणि चुका होतात त्या ह्यातला फरक माहीत नसल्यानं.

पहिली जात म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच. आतली यंत्रणा तिघांची वेगळी, पण लिव्हरवर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) अशी ओळ असते. म्हणजे पी आहे.

दुसरी जात एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. २०१४ साली मारुतीची सेलेरियो आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून एएमटी घरोघर पोचली. मारुती तिला एजीएस म्हणते. आत असतो तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर करते. बहुतेक एएमटी गाड्यांत लिव्हरवर आर, एन आणि डी किंवा ए असतो, बाजूला मॅन्युअलचा एम. पी नसतोच! गाडी एनमध्ये टाकून हँडब्रेक न ओढता उतरलात, तर ती गाडी कशानंही धरलेली नाही. सपाट दिसणाऱ्या जागेवरूनही ती पाच मिनिटांनी चालायला लागू शकते.

माझ्या मामेबहिणीनं पाच वर्षं टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी चालवली आणि नंतर एएमटी घेतली. पहिल्याच आठवड्यात गोकुळपेठेत भाजी घ्यायला उतरली, तर गाडी मागे चालू लागली. एका भाजीवाल्या काकाजींनी ओरडून तिला सावध केलं आणि ती धावत जाऊन आत बसली. कुणाला लागलं नाही. सवयीनं तिनं लिव्हर वरपर्यंत ढकलला होता आणि तिला वाटलं पी लागला. म्हणून घरात दोन वेगळ्या जातींच्या गाड्या असतील तर दोन्ही चालवणाऱ्यांना हे नीट समजावून सांगा.

गाडी लावताना

पी असलेल्या गाडीसाठी हा क्रम. वाचायला लांब वाटेल, हाताला बसला की चार सेकंदांचं काम आहे.

१. गाडी पायाच्या ब्रेकनं पूर्ण थांबवा. चाक जरा जरी फिरत असेल तरी पी टाकायचा नाही. चालत्या गाडीत टाकलात तर खटका दातांवरून कटकट-कटकट उड्या मारतो आणि तुटूही शकतो.

२. ब्रेक दाबलेलाच ठेवून लिव्हर एनमध्ये घ्या.

३. हँडब्रेक चांगला घट्ट ओढा.

४. आता ब्रेकवरून पाय हळूहळू काढा. गाडी बोटभर हलेल आणि हँडब्रेकवर टेकेल. टेकली का ते अंगाला जाणवतं.

५. पुन्हा ब्रेक दाबा, लिव्हर पीमध्ये टाका.

६. इंजिन बंद करा, डॅशबोर्डवर एक नजर टाका आणि मग दार उघडा.

ह्यात चौथी पायरी सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच लोक गाळतात. पाय दाबलेला असताना आधी पी टाकला, मग हँडब्रेक ओढला आणि मग पाय सोडला, तरी ते बरंच बरं. पण हँडब्रेकची केबल किंचित ताणली जाते, गाडी तेवढ्यात सरकते आणि थोडा भार खटक्यावर जातोच. चौथ्या पायरीनं गाडीचं सगळं वजन आधी मागच्या ब्रेकवर बसतं. खटका मग रिकामा राहतो, नुसता राखणीला. बाबांना मी हे असं सांगितलं, की हँडब्रेक म्हणजे खांदा आणि पी म्हणजे दाराची कडी; ओझं खांद्यावर द्यायचं, कडी नुसती लावून ठेवायची. तेव्हापासून त्यांची पायरी चुकली नाही.

अगदी सपाट जागेवर, मॉलच्या फरशीवर वगैरे, एन न करता हँडब्रेक ओढून सरळ पी टाकलात तरी बिघडत नाही. पण उतारावर हा क्रम पाळाच, आणि उतार आहे की नाही हे ठरवायला डोळ्यांवर फार विसंबू नका.

एएमटीमध्ये क्रम निराळा. ब्रेक दाबून थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय सोडून गाडी टेकू द्या, पुन्हा ब्रेक दाबा. आता लिव्हर एनमध्ये न सोडता गिअरमध्ये घ्या आणि गिअरमध्येच इंजिन बंद करा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. बहुतेक एएमटी गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर तो गिअर तसाच अडकून राहतो आणि इंजिन गाडीला धरतं, मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये लावतो तसंच. तुमच्या मॉडेलला हे लागू आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत पार्किंगच्या पानावर दिलेलं असतं. ते एक पान आजच काढून वाचा. पुन्हा चालू करताना ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा, कारण एएमटी चालू होते ती एनमध्ये, आणि एनमध्ये आली की गिअरची पकड सुटते.

निघताना उलटा क्रम

ब्रेक दाबा, इंजिन चालू करा, पीमधून डी किंवा आरमध्ये या, मग हँडब्रेक खाली करा, शेवटी ब्रेक सोडा. हँडब्रेक आधी सोडून नंतर पी काढायला गेलात तर मधल्या क्षणी भार परत खटक्यावर येऊ शकतो आणि रात्री केलेली काळजी वाया जाते.

ऑटोमॅटिकमध्ये हँडब्रेक सोडायचा विसरणं मॅन्युअलपेक्षा जास्त धोक्याचं आहे. मॅन्युअल गाडी लगेच तक्रार करते, उचलत नाही, बंद पडते. टॉर्क कन्व्हर्टरवाली मुकाट्यानं ओढत नेते. लाल दिवा पेटलेला असतो, बऱ्याच गाड्या टूं-टूं वाजतात, पण गाणी मोठ्यानं लावलेली असली की ऐकू जात नाही. गाडी जड वाटली, मागून जळका वास आला, तर बाजूला घ्या आणि मागच्या चाकाजवळ हात नेऊन पाहा. रिमला हात लावू नका, धग लांबूनच कळते. गाडी सावलीत थांबवून निवू द्या, पाणी ओतू नका. नंतर मिस्त्रीकडून लायनर तपासून घ्या.

हँडब्रेक पूर्ण खाली करूनही तो लाल दिवा विझत नसेल तर गोष्ट वेगळी आहे. तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. अशा गाडीनं घरी जाऊ नका.

सिग्नल, उड्डाणपूल, मॉलचा रॅम्प

साध्या सिग्नलला डीमध्ये ब्रेक दाबून थांबलात तरी चालतं. मिनिटभराहून जास्त थांबायचं दिसलं तर एन आणि हँडब्रेक. पायाला विसावा मिळतो, आणि मागून धक्का बसून पाय सटकला तरी गाडी पुढच्या स्कूटरवर जात नाही. सिग्नलला पी टाकायची गरज नाही. मागून कुणी आदळलं तर तो मार खटक्यावर बसेल.

चढावर मात्र खरी परीक्षा. वर्धा रोडचा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर उड्डाणपूल घ्या, वर मेट्रो, मधे गाड्या. संध्याकाळी चढणीवर रांग लागली की एएमटीवाले काय करतात, तर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरतात. पाय ब्रेकवर न्यावा लागत नाही, म्हणून सोपं वाटतं. पण तेवढा वेळ क्लच अर्धवट पकडलेला, घासत असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात क्लच तापला की वास येतो, काही गाड्यांत इशारा येतो आणि मग गाडी उचलतच नाही. ड्युअल क्लचवाल्यांनाही हेच लागू.

त्याऐवजी हँडब्रेक ओढून थांबा. निघताना डीमध्ये असताना ॲक्सिलरेटर हळूच दाबा, गाडीचं नाक जरा उठल्यासारखं वाटलं, म्हणजे ती ओढायला लागली, की हँडब्रेक खाली. दोन-चार वेळा सेमिनरी हिल्सच्या रिकाम्या चढावर सकाळी सहाला सराव करा, जमून जातं. हिल होल्ड असलेल्या गाडीत पाय काढल्यावर ब्रेक साधारण दोन सेकंद धरून राहतो. तो निघायला दिलेला वेळ आहे. तेवढ्या भरवशावर गाडी सोडून फोन बघत बसू नका.

खऱ्या उतारावर लावताना

रामटेकला गडमंदिराच्या वाटेवर गर्दीच्या दिवशी गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात. तिथे हँडब्रेक आणि पी ह्यांच्या जोडीला पुढची चाकंही वळवून ठेवा. तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे सुटलीच तर कडेला जाऊन टेकेल. तोंड चढाकडे आणि कडेला उंच कठडा किंवा फूटपाथची कड असेल तर स्टिअरिंग उजवीकडे. गाडी मागे आली की पुढच्या डाव्या चाकाची मागची बाजू कडेला अडते. कड नसेल, नुसती माती असेल, तर चढावरही डावीकडेच.

आणि चाकामागे दगड लावा, उताराच्या बाजूनं. निघताना तो उचलून बाजूला फेका, रस्त्यात सोडू नका. मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडतो.

घाट उतरून लगेच गाडी लावत असाल आणि मागेही डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक काळजी. तापलेली डिस्क निवताना किंचित आकसते आणि हँडब्रेकची पकड ढिली पडते. गाडी लावली तेव्हा घट्ट होती, अर्ध्या तासानं सुटली, असं त्यातून घडतं. म्हणून अशा वेळी पी आणि दगड हवेतच. पाच-दहा मिनिटांनी हँडब्रेक एक खट आणखी ओढून घ्या.

हँडब्रेक न लावता उतारावर पी अडकलाच असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून लिव्हर एका दमात खेचा. बहुतेक वेळा निघतो. नाहीच निघाला तर गाडीला चढाच्या बाजूनं दोरीनं जरासं ओढून भार कमी करावा लागतो, तेव्हा मदत बोलवा. उताराच्या बाजूला उभं राहून ढकलायला कुणालाही सांगू नका. खटका सुटला की गाडी त्याच्याच अंगावर येणार.

बटणवाला हँडब्रेक

नव्या महाग गाड्यांत दांडी जाऊन बटण आलं. बटण ओढलं की मागच्या चाकांजवळची छोटी मोटर ब्रेक आवळते, 'झुंई' असा आवाज येतो. काम तेच, आणि क्रमही तोच: थांबा, बटण, पाय ढिला, पाय दाबा, पी. बऱ्याच गाड्या पी टाकल्यावर किंवा इंजिन बंद केल्यावर आपोआप हँडब्रेक लावतात. त्यात भार आधी खटक्यावर जातो का ब्रेकवर, हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून उतारावर बटण स्वतः आधी ओढा. निघताना सीटबेल्ट लावून डीमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की बहुतेक गाड्यांत तो आपोआप सुटतो. बेल्ट नसेल तर सुटत नाही, आणि लोक गाडी बिघडली समजतात.

ऑटो होल्ड, म्हणजे थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय, आणि हँडब्रेक एकच समजू नका. ऑटो होल्ड सिग्नलपुरता आहे. डॅशबोर्डवर ऑटो होल्डचा हिरवा दिवा बघून, गाडी उभी आहे म्हणून, खाली उतरणं धोक्याचं. उतरायचं तर हँडब्रेकचा लाल दिवा दिसलाच पाहिजे.

बॅटरी पूर्ण उतरली तर बटणवाला हँडब्रेक सुटत नाही. आधी जंप स्टार्ट, मग बाकीचं. आणि चालत्या गाडीत पायाचा ब्रेक गेलाच, तर हे बटण ओढून धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत ते धरलेलं असेपर्यंत गाडी सावकाश ब्रेक लावत थांबते. दांडीचा हँडब्रेक अशा वेळी झटक्यात ओढू नका, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. दांडीच्या टोकाचं बटण दाबलेलं ठेवून थोडा-थोडा ओढा.

ह्याच गाड्यांत गिअरचा लिव्हरही इलेक्ट्रॉनिक झाला आहे. ढकलला की परत मधोमध येतो, म्हणजे पी लागला का नाही हे लिव्हरच्या जागेवरून कळत नाही. २०१६च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला अभिनेता अँटन येल्चिन स्वतःच्या घराच्या उतारावर स्वतःचीच जीप ग्रँड चेरोकी आणि फाटकाचा खांब ह्यांच्यामध्ये चिरडून गेला. अशाच लिव्हरच्या सुमारे अकरा लाख गाड्या त्याच्या दोन महिने आधी कंपनीनं दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. सत्तावीस वर्षांचा मुलगा. म्हणून दार उघडायच्या आधी डॅशबोर्डवर पी हे अक्षर आणि हँडब्रेकचा लाल दिवा, दोन्ही डोळ्यांनी बघायचे.

पावसाळ्यात उलट सल्ला

परदेशी माहितीत वाचायला मिळतं की थंडीत हँडब्रेक गोठतो, लावू नका. नागपूरच्या थंडीत ती भीती नाही. आपला शत्रू पावसाळा. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली, घरी येऊन हँडब्रेक ओढून आठवडाभर गावाला गेलात, की मागच्या ड्रमला गंज धरून लायनर चिकटतात. परत आल्यावर चाक फिरत नाही. म्हणून पाण्यातून आल्यावर घराजवळ दोन-चारदा हलके ब्रेक मारून ते वाळवा, आणि अनेक दिवस गाडी हलणार नसेल, जागा सपाट असेल, तर पी टाकून चाकांना पुढून-मागून विटा लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. आमच्यासारखं उताराचं पोर्च असेल तर हा उपाय करू नका; तिथे हँडब्रेक हवाच, फक्त दोन-तीन दिवसांनी कुणाला तरी गाडी जरा हलवायला सांगा.

"साहेब, न्यूट्रलमध्ये ठेवा"

लग्नसराईत लॉनवर गेलं की गेटवरचा माणूस हे सांगतोच. गाड्या एकीला एक लागून उभ्या असतात, मधली काढायची तर पुढची ढकलावी लागते. मॅन्युअल गाडीला हे सोपं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद केल्यावर एनमध्ये ठेवता येईलच असं नाही. चावीच्या गाड्यांत लिव्हर पीमध्ये नसेल तर बहुधा चावी निघत नाही, बटण स्टार्टच्या गाड्या लॉक होत नाहीत किंवा आपणहून पीमध्ये जातात. लिव्हरजवळ एक छोटी खाच असते, तिच्यात चावी दाबून पी सोडवता येतो, पण ती बॅटरी गेल्यावर वापरायची सोय आहे, तीही आधी हँडब्रेक ओढून.

माझं मत सरळ आहे. हँडब्रेक सोडलेली, न्यूट्रलमधली गाडी पोरं खेळतात अशा मैदानावर ठेवायची नाही. दूर लावा आणि चालत या. कायदाही हेच सांगतो: मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२६ प्रमाणे, सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू पडणार नाही अशी दुसरी तजवीज हवी.

पंक्चर झाल्यावर

इथे पीवर विसंबलेला माणूस जीव धोक्यात घालतो, म्हणून नीट वाचा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पीमध्ये आहे, हँडब्रेक नाही, आणि तुम्ही पुढचं एक चाक जॅकवर उचललं. दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल असतं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी जोडणी. एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरायला मोकळं होतं, आणि ते उलटं फिरलं की जमिनीवरचं चाक सुलटं फिरू शकतं. म्हणजे पी लागलेला असूनही गाडी सरकते आणि जॅकवरून पडते. मागची चाकं हँडब्रेकनं धरलेली असतील तर हे होत नाही. तेव्हा चाक बदलायचं तर हँडब्रेक, पी आणि उचलायच्या चाकाच्या कर्णात समोरच्या चाकाला पुढून-मागून वीट किंवा दगड, तिन्ही. मागचं चाक उचलताना हँडब्रेकचं एक चाक हवेत असतं, म्हणून पी आणि वीट जास्त महत्त्वाची. नट जमिनीवर असतानाच ढिले करून घ्या.

हँडब्रेक जिवंत आहे का

ऑटोमॅटिकवाल्यांचा हँडब्रेक बिघडतो तो बहुधा न वापरल्यानं. केबल आवरणातल्या आवरणात गंजते, आणि ज्या दिवशी रामटेकच्या चढावर गरज पडते त्या दिवशी दांडी वर येते पण चाक धरत नाही. रोज ओढणारा हँडब्रेक मोकळा राहतो.

महिन्यातून एकदा हलक्या उतारावर, समोर-मागे कुणी नाही असं बघून, इंजिन चालू ठेवून एनमध्ये या, हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवरून पाय उचला, पण वरच ठेवा. गाडी टेकून उभी राहिली तर ठीक. सरकली तर लगेच ब्रेक दाबा आणि केबल आवळून घ्या. ते किरकोळ काम आहे, सर्व्हिसिंगला आठवणीनं सांगावं लागतं एवढंच. काहीजण पी टाकून ही परीक्षा घेतात. त्यातून काही कळत नाही, कारण तेव्हा गाडी खटका धरतो.

दुसरी खूण आवाजाची. दांडी ओढताना किती वेळा 'खट' होतं ते मोजा. बरोबर आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पुस्तिकेत दिलेला असतो. आमच्या गाडीला नव्यानं आवळल्यावर सहा खट होते. बाबांनी तो आकडा पेन्सिलनं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, खाली तारीख. आठवर गेला की आम्ही मिस्त्रीकडे जातो.